मॅनेजर नेमा, पण चेकवरची सही तुमचीच ठेवा

पत्र :

ताई, मी डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीची सचिव. इमारत १९८५ची. तळमजला अधिक चार, दोन विंग, बत्तीस फ्लॅट, लिफ्ट नाही. नऊ वर्षांत समितीच्या दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळा सचिवपदासाठी दुसऱ्या कुणी नाव दिलं नाही. माझं वय ६६. अध्यक्षांची बायपास झालीये, खजिनदार वर्षातले सहा महिने मुलाकडे असतात. अकरा फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, त्यांचे मालक फोनही उचलत नाहीत. टेरेस गळतो. या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या बेडरूममध्ये पलंगावरच प्लास्टर पडलं. त्या तेव्हा स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या.

आता एक मॅनेजमेंट एजन्सी आली आहे. दर फ्लॅटमागे महिना ३५० रुपये, त्यात हिशेब, बिलं, वॉचमन, सफाई, पंप सगळं बघू म्हणतात. दुरुस्तीचं मोठं कामही आम्हीच करून घेऊ, त्यावर आठ टक्के देखरेख शुल्क. आणि बँकेत एक सही आमच्या माणसाची ठेवा, म्हणजे पेमेंट अडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काही सभासद म्हणतात, देऊनच टाका, समिती बरखास्त करा. वन रूम किचनवाले म्हणतात, आम्ही निम्मे पैसे देऊ. बाकीचे म्हणतात, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग हा खर्च कशाला? मला रात्री झोप लागत नाही. हे सगळं सोडून दिलं तर मी पळ काढला असं होईल का?

– एक सचिव

ताई,

एजन्सीचं नंतर बोलू. आधी आजींची खोली.

उद्या सकाळी एक जाणता गवंडी बोलवा. हातोडीच्या दांड्याने त्या खोलीचं सगळं छत ठोकून बघायला सांगा. जिथे पोकळ आवाज येईल ते प्लास्टर सुटलेलं आहे. ते तिथल्या तिथे काढून टाकायचं, पुन्हा लिंपायचं नाही. तोवर पलंग दुसऱ्या खोलीत. सळया उघड्या पडल्या असतील किंवा बीमला तडा दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअर येऊन सांगेपर्यंत खाली लोखंडी टेकू लावून घ्या. आणि "तुमचं छत, तुम्ही बघा" असं आजींना कुणी सांगत असेल तर त्याला आदर्श उपविधी, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांसाठी ठरवलेले नियम, दाखवा. टेरेस, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीची. टेरेसमधून झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं जे नुकसान होतं, तेही सोसायटीनेच भरून द्यायचं, बत्तीस जणांनी मिळून. सभासदाच्या स्वतःच्या संडास-बाथरूममधून खाली गळत असेल तर तो खर्च त्याचा. निम्मी भांडणं या दोन वाक्यांत मिटतात, पण वाचून कुणी दाखवत नाही.

आता इमारतीविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात माणसांचा त्रास पानभर आहे आणि इमारतीचा फक्त दोन ओळींत. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या लोखंडावर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो, तो अल्कधर्म कमी होत जातो, आणि एक दिवस हा बदल, म्हणजे कार्बोनेशन, सळईपर्यंत पोचतो. त्यात टेरेसचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आत जागा नाही, म्हणून तो बाहेरचं काँक्रीट ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा, मग फुगवटा, मग पोपडा, मग पलंगावर प्लास्टर. आजींच्या खोलीत पडलं ते प्लास्टर होतं, पण आजाराचं मूळ वरच्या गळतीत आणि आतल्या सळईत आहे. वरून सिमेंट फासून रंग दिला की दोन वर्षं छत छान दिसतं आणि आत गंज वाढत राहतो. बहुतेक सोसायट्या हेच करत आल्या आहेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण वेळेवर केलेली दुरुस्ती नेहमीच स्वस्त पडते.

म्हणून तुम्हाला मॅनेजरच्या आधी इंजिनीअर लागणार आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं, असं उपविधी सांगतात. तुमची चाळिशीला आली. पत्रात ऑडिटचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुधा झालेलं नसावं. महापालिकेच्या यादीवरचा स्ट्रक्चरल इंजिनीअर घ्या आणि नुसती नजरेने पाहणी करून दिलेला चार पानी दाखला स्वीकारू नका. रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (आतल्या पोकळ्या आणि तडे), हाफ सेल पोटेन्शियल (सळईला गंज लागण्याची शक्यता) या चाचण्या कुठल्या कॉलमवर, कुठल्या बीमवर केल्या ते नकाशावर खुणा करून द्यायला सांगा. कार्बोनेशनची चाचणी तर तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून बघा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी झालं तर ते अजून निरोगी आहे, रंग आला नाही तर तिथवर कार्बोनेशन पोचलंय. सभेत शंभर वेळा बोलून जे पटत नाही, ते सभासदांना त्या एका गुलाबी रेषेवरून पटतं. जमतील तेवढ्यांना त्या दिवशी बोलवा. अहवालात तातडीचं काय, वर्षभरात करायचं काय आणि नुसतं लक्ष ठेवायचं काय, असे तीन भाग मागा. परिमाणांसह अंदाजपत्रकही मागा. त्यावरच निविदा निघेल.

पैशांकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) किमान ०.२५ टक्के जमवायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे तेव्हाचा, १९८५चा. समजा तो फ्लॅटमागे एक लाख होता. दुरुस्ती निधी झाला वर्षाला ७५० रुपये, बत्तीस फ्लॅटचे २४,००० रुपये. एवढ्यात आज टेरेसचा एक कोपरासुद्धा नीट होत नाही. तुमची सोसायटी नियम पाळूनच गरीब राहिली, यात तुमचा दोष नाही. पण "किमान" या शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. सर्वसाधारण सभा ठराव करून हा दर कितीही वाढवू शकते.

आता याच्या शेजारी एजन्सीचा आकडा ठेवा. ३५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की ४१३ होतात. विचारून घ्या, कारण दरपत्रकात तो बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात असतो. बत्तीस फ्लॅटचे महिन्याला १३,२१६, वर्षाचे १,५८,५९२ रुपये. म्हणजे ज्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी वर्षाला चोवीस हजार जमतात, ती व्यवस्थापनावर त्याच्या साडेसहा पट खर्च करणार. एजन्सी नको, असा याचा अर्थ नाही. पण ज्या सभेत एजन्सीचा ठराव होईल, त्याच सभेत त्याच्या आधी दुरुस्ती निधी वाढवण्याचा ठराव झाला पाहिजे.

तर, एजन्सी घ्यावी का? माझं उत्तर हो. मनापासून हो. ६६ वर्षांच्या बाईने पहाटे उठून पंप का चालत नाही ते बघावं, वॉचमन आला नाही म्हणून गेटवर उभं राहावं, अकरा घरमालकांना प्रत्येकी दहा फोन करावेत, यात कुणाचंच भलं नाही. बिलं वेळेवर काढणं, पावत्या, हिशेब, सभेच्या नोटिसा, तक्रारींची नोंद, टाकी धुण्याचं वेळापत्रक, वॉचमन-सफाईवाल्यांची हजेरी आणि त्यांचा पीएफ-ईएसआयसी भरल्याची चलनं, ऑडिटरला कागद देणं, ही सगळी पगारी माणसाची कामं आहेत. ती पगारी माणसाला देणं म्हणजे पळ काढणं नव्हे. नऊ वर्षं तुम्ही एकटीने ती ओढलीत, याबद्दल खरं तर सभेच्या इतिवृत्तात आभाराचा ठराव असायला हवा होता.

पण त्यांच्या प्रस्तावातल्या दोन गोष्टी सरळ नाकारा.

पहिली, बँकेतली सही. त्यांना खात्याचे व्यवहार फक्त पाहता येतील अशी सोय द्या. चेक तयार करू द्या, व्हाउचर लावू द्या. सही मात्र समितीच्या पदाधिकाऱ्यांचीच. खजिनदार सहा महिने बाहेर असतात ही अडचण खरी आहे, पण त्यावर उपाय समितीत सह्यांचे अधिकार असलेला माणूस बदलणं हा आहे. उद्या हिशेबात घोळ निघाला तर उपनिबंधक (सोसायट्यांवर देखरेख करणारे सहकार खात्याचे अधिकारी) एजन्सीला विचारणार नाहीत, तुम्हाला विचारतील. टीडीएस कापला नाही, वॉचमनचा पीएफ भरला नाही, तरी नोटीस सोसायटीच्या नावाने येते. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

दुसरी, दुरुस्तीवरचे आठ टक्के. समजा दुरुस्ती चाळीस लाखांची निघाली, तर त्यांना तीन लाख वीस हजार मिळतील. पन्नास लाखांची निघाली तर चार लाख. बिल जितकं फुगेल तितका फायदा ज्याचा, त्याच्याच हातात बिल तपासायची लेखणी कशी देणार? माणसं चांगली असतील, तरीही ही रचना वाईट आहे. काय दुरुस्त करायचं ते इंजिनीअर सांगेल, काम ठेकेदार करेल, मोजमाप पुन्हा इंजिनीअर तपासेल, आणि एजन्सी फक्त कागद, वेळापत्रक आणि रहिवाशांशी बोलणं सांभाळेल. या तिघांचा आपसात पैशाचा संबंध नको. इंजिनीअरची फीसुद्धा टक्क्यांत न ठरवता ठोक ठरवा. कामाच्या रोजच्या मोजमापाच्या नोंदवहीवर ठेकेदाराबरोबर समितीतल्या एकाची सही हवी. ठेकेदाराच्या बिलातले काही टक्के राखून ठेवा आणि पुढचा एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्या. टेरेसचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ठेवायची चाचणी करून घ्या, आणि त्या वेळी आजींच्या खोलीत स्वतः जाऊन छताकडे बघा.

एक अनुभव सांगते. मी आमच्या सोसायटीत सचिव असताना आम्हीही एक एजन्सी नेमली होती. पहिली दोन वर्षं इतकं सुरळीत चाललं की आम्ही समितीच्या सभा घेणंच कमी केलं. मग त्यांचा सुपरवायझर बदलला, काम ढिलं पडलं, आम्ही करार संपवला. तेव्हा कळलं, सभासदांची सगळी खाती त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि पासवर्ड त्यांच्याकडे. बाकी शिल्लक सांगणारा एक कागदसुद्धा आमच्या कपाटात नव्हता. पासबुकं आणि जुन्या पावत्या जुळवत ती खाती पुन्हा उभी करायला आम्हाला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ज्यांची थकबाकी होती त्यांनी "आमचं काहीच बाकी नाही" असं ठामपणे सांगितलं आणि आम्हाला ते खोडता आलं नाही. चूक एजन्सीची होती तितकीच आमचीही.

म्हणून करारात हे स्पष्ट लिहून घ्या की माहिती सोसायटीची आहे. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत सभासदनिहाय येणं-बाकी, बँकेचा ताळमेळ आणि खर्चाचा तक्ता छापील आणि ईमेलवर, दोन्हीकडे. सभासद नोंदवही, इतिवृत्तं, शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी, मंजूर नकाशे, ही मूळ कागदपत्रं सोसायटीच्या कपाटातून बाहेर जायची नाहीत, हवं तर स्कॅन करून न्या. करार एका वर्षाचा, दोन्ही बाजूंना महिना-दोन महिन्यांची नोटीस, आणि शेवटच्या महिन्याचं शुल्क सगळं हस्तांतर झाल्यावरच. रोख पैसा त्यांनी हाताळायचा नाही, कुणाकडूनच नाही. आणि पंप, व्हॉल्व्ह, मीटर, चेंबर कुठे आहेत याचा एक नकाशा पहिल्या महिन्यातच काढून गेटजवळ लावायला सांगा. रात्री पाइप फुटला की एजन्सीचा माणूस घरी झोपलेला असतो.

थकबाकीबद्दल थोडक्यात. एजन्सी स्मरणपत्रं पाठवेल, व्याज लावेल (उपविधीत ठरलेल्या कमाल दराच्या आत, सरळव्याजाने), कागद तयार करेल. पण वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज सोसायटीलाच करावा लागतो, आता सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली. फोन न उचलणाऱ्या घरमालकांना फोन करणं थांबवा. त्यांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा.

सभासदांचे तीन मुद्दे राहिले. समिती बरखास्त करून सगळं एजन्सीला देता येत नाही. सहकारी संस्थेचा कारभार निवडलेल्या समितीकडेच असतो, आणि समितीच उरली नाही तर उपनिबंधक बाहेरचा प्रशासक किंवा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. मग तुमच्या टेरेसचा निर्णय त्या माणसाच्या सवडीने होईल. हे सभेत शांतपणे सांगा, दोन-तीन जण तरी समितीत यायला तयार होतील. काम कमी झालंय हे कळल्यावर तर नक्की. तरुण भाडेकरू उत्साही असतील तर त्यांची मदत घ्या, पण पद सभासदालाच.

वन रूम किचनवाल्यांना निम्मे नाहीत. हिशेबनिसाचा, वॉचमनचा, सफाईचा, छपाईचा खर्च सेवा शुल्कात येतो आणि सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला समान असतं. एजन्सीचं शुल्कही तिथेच जाईल. दुरुस्ती निधी मात्र बांधकाम खर्चावर असतो, म्हणजे लहान फ्लॅटला कमीच पडतो. लहान फ्लॅटवाल्यांना न्याय तिथे मिळतोच, तो दाखवून द्या. पेन्शनवर जगणारी दोन-चार घरं असतील त्यांच्यासाठी मोठ्या दुरुस्तीची वर्गणी हप्त्यांत घ्यायचा ठराव करा. गाजावाजा न करता.

रिडेव्हलपमेंटचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो खोटा नाही. होईलही. पण ४ जुलै २०१९च्या शासन निर्देशांप्रमाणे निदान ५१ टक्के सभासदांची संमती, प्रकल्प सल्लागार, निविदा, विकासकाची निवड, करार, महापालिकेची मंजुरी, हे सगळं व्हायला वर्षं जातात. तुमच्या अकरा घरमालकांच्या सह्या गोळा करणं कसं असेल, तुम्हीच जाणता. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? १९८५च्या कितीतरी सोसायट्यांचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. तुमचंही राहिलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज आजच करा, कारण त्यावाचून रिडेव्हलपमेंटचं गाडं अडतंच. आणि तोवर इमारत उभी राहायला हवी, तिच्यात माणसं राहतात. ऑडिटच्या अहवालात इंजिनीअरला हाही प्रश्न लेखी विचारा, की पुढची पाच-सात वर्षं सुरक्षित राहण्यासाठी कमीत कमी काय करावं लागेल? त्या कामाला रिडेव्हलपमेंटची सबब नको. त्यापलीकडचं, रंगरंगोटी, नव्या फरशा, ते खुशाल थांबू दे.

एजन्सी निवडताना तिघांना बोलवा. लॅपटॉपवरचं सादरीकरण बघण्याआधी प्रत्येकाला टेरेसपासून खालच्या टाकीपर्यंत इमारत फिरवा आणि स्वतः काही बोलू नका. तो माणूस कुठे थांबतो ते बघा. टेरेसच्या पाण्याच्या जाळीत साचलेला पाला, भिंतीतून उगवलेला पिंपळ, डक्टमधल्या बिडाच्या पाइपचा फुटलेला सांधा, मीटरबोर्डाशेजारची ओल, टाकीचं सरकलेलं झाकण. यातलं ज्याला काही दिसतं त्याच्याशी पुढचं बोला. आणि तो जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींचं काम बघत असेल तर त्यातल्या दोन सोसायट्यांच्या सचिवांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा.

विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. या आठवड्यात काढा. विषय याच क्रमाने ठेवा: आजींच्या छताची तातडीची दुरुस्ती, स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनीअरची नेमणूक, दुरुस्ती निधीत वाढ, आणि चौथा व्यवस्थापन एजन्सीचा. ऑक्टोबर उजाडताना अहवाल हातात असेल तर दिवाळीनंतर काम सुरू होऊन मे महिन्याच्या आत टेरेस पुरा होईल. सभेची नोटीस आजींना त्यांच्या घरी जाऊन द्या, आणि त्यांना सभेला खाली यायला सांगू नका. या वेळची सभा चौथ्या मजल्यावर घ्या.